दिवसाला एक मिलिमीटर

माणसाच्या हातापायांतील नस कापली, चेंगरली किंवा रोगाने निकामी झाली, तर ती पुन्हा वाढू शकते. मेंदूतील आणि पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूच्या तंतूंना ही क्षमता जवळजवळ नसते. एकाच शरीरात, एकाच प्रकारच्या पेशींमध्ये हा फरक का पडतो आणि तो मिटवता येईल का, या प्रश्नावर पावणेदोनशे वर्षे संशोधन चालू आहे. त्यासाठी बेडूक, कोंबडीचे भ्रूण, उंदीर, मासे, गोलकृमी आणि आर्माडिलो असे नाना प्राणी वापरले गेले. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांचा या विज्ञानाशी संबंध दोन दुःखांतून येतो. एक कुष्ठरोग, जो हातापायांच्या नसा खातो. दुसरे मणक्याची इजा, जिची आठवण किल्लारीच्या भूकंपाने इथल्या पिढीला कायमची दिली आहे.

नस म्हणजे हजारो बारीक तंतूंची जुडी. प्रत्येक तंतू एका चेतापेशीचा लांबलेला भाग असतो. त्याला अक्षतंतू म्हणतात. पायाचे बोट हलवणाऱ्या अक्षतंतूची पेशी कमरेच्या पातळीवर मेरुरज्जूत असते आणि तिचा तंतू तिथून पावलापर्यंत, जवळजवळ एक मीटर, एकसलग जातो. तंतूच्या भोवती श्वॉन पेशी असतात. त्यातील जाड तंतूंवर या पेशी मायलिन नावाचे आवरण गुंडाळतात आणि त्यामुळे संदेश वेगाने धावतो. तंतू मधेच तुटला, तर पेशीपासून अलग झालेला पुढचा भाग मरतो. हे पहिल्यांदा नीट पाहिले ते ऑगस्टस वॉलर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने. 1850 साली त्याने बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापल्या आणि पुढच्या तंतूंचे तुकडे तुकडे होताना सूक्ष्मदर्शकाखाली नोंदवले. या प्रक्रियेला आजही त्याचेच नाव आहे. तुटलेला तंतू उपासमारीने आपोआप झिजतो, असा समज नंतर शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला. 1989 साली उंदरांचा एक असा वाण सापडला, ज्यात कापलेला तंतू आठवडे टिकून राही. पुढे 2012 मध्ये फळमाशीवरील प्रयोगांतून तंतूचा मृत्यू घडवून आणणारे सार्म नावाचे प्रथिन हाती लागले. तंतू मरत नाही, त्याला मारले जाते, हे या दोन प्राण्यांनी दाखवले. मारणारी यंत्रणा थोपवणाऱ्या औषधांचा आजचा शोध तिथूनच सुरू होतो.

पुढचा भाग मेला, तरी हातापायांच्या नसेत श्वॉन पेशी मागे उरतात. त्या मायलिनचे अवशेष साफ करतात, आपले रूप बदलतात, रांगेत उभ्या राहतात आणि वाढीला उत्तेजन देणारी प्रथिने सोडतात. मागच्या, जिवंत टोकातून नवा अंकुर फुटतो आणि या रांगांच्या आधाराने पुढे सरकतो. अंकुराच्या टोकाशी पंजासारखा पसरट भाग असतो, तो वाट चाचपत जातो. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी तो 1890 मध्ये कोंबडीच्या भ्रूणात पाहिला. 1907 मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणाचा तुकडा शरीराबाहेर लसिकेच्या थेंबात वाढवून जिवंत तंतू पुढे सरकताना प्रत्यक्ष दाखवला. पुण्याच्या आयसर संस्थेत अर्णब घोष यांची प्रयोगशाळा याच टोकाचा अभ्यास करते. टोकातून बोटांसारखे बारीक धागे बाहेर येतात आणि मागे जातात. ते कोणत्या प्रथिनांमुळे टिकतात आणि तंतूला वळण कसे मिळते, हे त्यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणातील चेतापेशींवर तपासले. फॉर्मिन-2 हे प्रथिन कमी केले, की धाग्यांची पकड सुटते आणि तंतू वाट चुकतात, असे त्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केले. हे काम भ्रूणातील वाढीचे आहे, जखमेनंतरच्या वाढीचे नव्हे. तरीही जखमेनंतर फुटणाऱ्या अंकुराच्या टोकाशी पकड धरणारी साधनसामग्री बरीचशी तीच असल्यामुळे त्याचे मोल मोठे आहे.

माणसात हा अंकुर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. सगळ्या उपचारांचे यश-अपयश या एका आकड्यावर ठरते. उसाच्या फडात कोयत्याने किंवा मळणीयंत्रात सापडून कोपराजवळची अल्नर नस तुटली, असे धरा. कोपरापासून तळहाताच्या छोट्या स्नायूंपर्यंतचे अंतर प्रौढ माणसात 25 ते 30 सेंटिमीटर असते. नस लगेच आणि उत्तम जोडली, तरी तंतूला तिथे पोचायला दहा महिने लागतात. इकडे संदेशाविना पडलेला स्नायू रोज आक्रसत असतो. साधारण वर्ष-दीड वर्षानंतर तो नवा तंतू आला तरी स्वीकारण्याच्या अवस्थेत राहत नाही. वाट पाहून पाहून थकलेल्या श्वॉन पेशींचाही जोर तोवर ओसरतो. जखम जितकी वर आणि रुग्ण जितका उशिरा, तितका हा हिशेब तोट्यात जातो. नस जोडण्याची शस्त्रक्रिया महिनोन्‌महिने पुढे ढकलणे हे म्हणूनच केवळ गैरसोयीचे नसते, त्यात हात जातो.

प्राण्यांवरील प्रयोगांची सर्वात मोठी मर्यादाही याच आकड्यात दडलेली आहे. या क्षेत्रात सर्वाधिक वापरली जाते ती उंदरा-घुशींच्या कुळातील प्रयोगशाळेतल्या रॅटच्या मांडीतील मोठी नस. ती दाबून किंवा कापून जोडतात आणि मग रॅटला अरुंद वाटेवरून चालवून पावलांचे ठसे घेतात. बोटे किती फाकली, पाऊल किती लांब उमटले, यावरून नस किती सुधारली याचा गुणांक काढण्याची पद्धत 1982 पासून रूढ आहे. पण रॅटमध्ये तंतू माणसापेक्षा दोन-तीन पट वेगाने वाढतो आणि त्याला जायचे असते काही सेंटिमीटर. कित्येकदा काहीही उपचार न करता रॅट काही आठवड्यांत बरा होतो. अशा प्राण्यात ‘उपयोगी’ ठरलेले औषध माणसाच्या लांब हातात कमी पडते, यात नवल नाही. दर काही महिन्यांनी वर्तमानपत्रांत झळकणारी ‘नस पुन्हा जिवंत’ अशी बातमी वाचताना प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला आणि तंतू किती अंतर चालून गेला, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

मराठवाड्यात नसेच्या आजाराचा सर्वात जुना आणि सर्वात जास्त कलंक वाहिलेला प्रकार म्हणजे कुष्ठरोग. निजामाच्या राजवटीत नांदेड आणि शेजारचे निजामाबाद हे एकाच संस्थानातले जिल्हे होते. निजामाबादजवळ डिचपल्ली येथे इसाबेल केर या स्कॉटिश मिशनरी डॉक्टरांनी 1915 साली कुष्ठरोगाचे रुग्णालय उभे केले. तेव्हा औषध म्हणून हाती होते ते कडू कवठाचे तेल. नांदेडजवळ नेरलीला कुष्ठधाम आहे. रोग बरा झालेली पण बोटे, पावले आणि घर गमावलेली माणसे अशा वसाहतींतून राहत आली. हा रोग त्वचेचा मानला जातो, कारण चट्टा त्वचेवर दिसतो. माणसाला अपंग करणारी हानी मात्र नसेत होते. कुष्ठरोगाचा जंतू थेट श्वॉन पेशीत घर करतो. नस दुरुस्त करायची जबाबदारी जिच्यावर, तीच पेशी तो ताब्यात घेतो. त्याला शरीरातील थंड भाग मानवतो. त्यामुळे त्वचेलगत असलेल्या नसा प्रथम बळी पडतात. कोपरामागची अल्नर गेली की करंगळी आणि अनामिका वाकतात, गुडघ्याबाहेरची गेली की पाऊल लोंबते, घोट्याजवळची गेली की तळपाय बधिर होतो. बधिर तळव्याला खडा कळत नाही आणि बधिर बोटांना तव्याचा चटका कळत नाही. बोटे झडतात ती या न कळलेल्या जखमांमुळे आणि त्यात होणाऱ्या संसर्गामुळे.

या जंतूवर संशोधन करणे फार काळ अशक्य होते, कारण तो प्रयोगशाळेतील कोणत्याही पोषकद्रव्यात वाढत नाही. त्याला दुप्पट व्हायलाच सुमारे दोन आठवडे लागतात. 1960 साली चार्ल्स शेपर्ड यांनी तो उंदराच्या पावलात वाढवून दाखवला. उंदराचे पाऊल त्याच्या शरीरापेक्षा थंड असते, ही त्यातील युक्ती. एका चाचणीचा निकाल लागायला सहा महिने ते वर्ष जाई, तरी जंतू जिवंत आहे की मेलेला आणि औषधाला दाद देतो की नाही, हे ठरवण्याचे तेच साधन झाले. 1971 मध्ये अमेरिकेत किर्शहाइमर आणि स्टॉर्स यांनी नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोत हा रोग निर्माण केला. खवल्यांच्या कवचाच्या या प्राण्याचे तापमान 30 ते 35 अंश सेल्सिअस असते आणि माणसासारखीच नसांची हानी त्यातही होते. त्याला एका वेळी चार एकसारखी पिल्ले होतात, त्यामुळे एकावर उपचार आणि दुसऱ्यावर नाही अशी तुलना काटेकोर करता येते.

महाराष्ट्रात या नसेचा ध्यास घेतला तो डॉ. नोशिर अंतिया यांनी. प्लास्टिक सर्जरीचे आद्य पुरुष सर हॅरॉल्ड गिलिस यांच्या हाताखाली इंग्लंडमध्ये शिकून ते परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात बसलेली नाके, लोंबलेल्या पाळ्या, वाकडी बोटे दुरुस्त करू लागले. 1958 मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग सुरू केला. वाकलेले बोट सरळ करता येते, पण ते सरळ ठेवणारी नस आतून का मरते, हे कळल्याशिवाय काम पुरे होत नाही, या ओढीने 1970च्या दशकात त्यांनी मुंबईत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था काढली. शल्यविशारदाने शस्त्रक्रियागृहातून बाहेर पडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापाशी बसावे, हे त्या काळी दुर्मिळ होते, आजही फारसे दिसत नाही. तर्जनीकडे जाणाऱ्या संवेदनेच्या एका बारीक फांदीचा अभ्यास त्यांच्या गटाने वीजवहनापासून पेशींच्या सूक्ष्म रचनेपर्यंत केला. डॉ. वनजा शेट्टी यांनी हे काम पुढे अनेक वर्षे चालवले. 1992 मध्ये त्यांच्या गटाने दाखवून दिले, की बहुविध औषधोपचारानंतरही जंतू त्वचेपेक्षा नसेत अधिक काळ तग धरतात. रुग्णाची त्वचा स्वच्छ झाली म्हणून नस सुरक्षित झाली असे समजता येत नाही, हा त्याचा व्यवहारातला अर्थ आहे.

जंतू नसेला इजा कशी करतो, याचे चित्र गेल्या दशकात बरेच पालटले. 2013 मध्ये एडिंबरोत अनुरा रंबुकन्ना यांच्या गटाने उंदराच्या श्वॉन पेशींवर काम करून दाखवले, की जंतू या पेशींची प्रौढ ओळख पुसून त्यांना मूलपेशींसारखे बनवतो आणि त्यांच्या आधाराने इतर ऊतींत पसरतो. 2017 मध्ये, बडोद्यात जन्मलेल्या ललिता रामकृष्णन ज्यात होत्या त्या गटाने झेब्रा माशाची पारदर्शक पिल्ले घेतली. जिवंत पिल्लाच्या आत जंतू, नस आणि रोगप्रतिकारक पेशी एकाच वेळी दिसतात. जंतूच्या आवरणातील एका मेदद्रव्याला प्रतिसाद देताना शरीराच्याच भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि त्याने मायलिन व तंतू खराब होतात, असे आढळले. म्हणजे हानीचा एक भाग जंतूच्या हातून, तर एक भाग आपल्याच बचावाच्या हातून होतो. याच रंबुकन्ना गटाने 2022 मध्ये आर्माडिलोत आणखी अनपेक्षित गोष्ट पाहिली. जंतूंची लागण झालेल्या प्राण्यांचे यकृत मोठे झाले, त्यातील ऊती निरोगी आणि काम करणाऱ्या होत्या, गाठ किंवा व्रण नव्हता. नस नष्ट करणाऱ्या जंतूला प्रौढ अवयव नव्याने वाढवण्याची कळ सापडलेली असावी, असा याचा रोख आहे. ती कळ जंतूशिवाय फिरवता आली, तर पुनर्जननाच्या विज्ञानाला मोठी देणगी मिळेल. आज मात्र ती शक्यतेच्या पातळीवर आहे.

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीने लादलेली छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. अशा पडझडीत मणके मोडतात आणि आतला मेरुरज्जू चिरडतो. विहिरीत किंवा झाडावरून पडणे, मोटारसायकलचे अपघात, यांतूनही तेच घडते. कमरेखालचा भाग एकदा लुळा पडला, की नसेसारखी दिवसाला मिलिमीटरची आशाही तिथे उरत नाही.

असे का, याचे पहिले ठोस उत्तर रॅटने दिले. मॉन्ट्रियलमध्ये आल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी 1981 मध्ये रॅटच्या पायातील नसेचा तुकडा काढून तो मेंदूच्या बुडापासून मेरुरज्जूपर्यंत पुलासारखा बसवला. जे तंतू मेरुरज्जूत इंचभर वाढत नाहीत, ते या पुलातून सुमारे तीन सेंटिमीटर चालून गेले. पुन्हा मेरुरज्जूत शिरताच ते थांबले. वाढायची शक्ती पेशीत होती, अडवणूक परिसराची होती. पुढे झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी मेंदू आणि मेरुरज्जूच्या मायलिनमध्ये वाढ रोखणारी द्रव्ये शोधली. त्यांतील नोगो सर्वात प्रसिद्ध. 2008 मध्ये झीगांग हे यांच्या गटाने उंदराच्या डोळ्यातील चेतापेशींमधून पीटेन नावाचे जनुक काढून टाकले, तेव्हा डोळ्यामागच्या नसेतील तंतू उगवू लागले. त्यावरून प्रौढ पेशी स्वतःवरही लगाम घालते हे कळले. उंदीर आणि माकडांत नोगोविरोधी प्रतिपिंडाने आशा वाढवली होती. मानेच्या मेरुरज्जूला नुकतीच इजा झालेल्या रुग्णांवर युरोपात झालेल्या अलीकडच्या चाचणीत मात्र सर्व रुग्ण एकत्र धरता हाताच्या हालचालीत स्पष्ट फरक दिसला नाही. चाळीस वर्षांच्या उत्तम विज्ञानाचा हा निकाल निराश करणारा आहे आणि तो रुग्णांपासून लपवू नये. मूलपेशींच्या नावाखाली मोठी रक्कम घेऊन मणक्यात इंजेक्शन देणाऱ्यांची दारे ठोठावण्याआधी कुटुंबांना तो सांगायला हवा.

निसर्गात मेरुरज्जू पुन्हा जोडणारे प्राणी आहेत. भिंतीवरची पाल शेपूट टाकते आणि नव्या शेपटात साध्या नळीसारखा का होईना, मेरुरज्जू पुन्हा वाढवते. मणके मात्र परत येत नाहीत, त्यांच्या जागी कूर्चेची नळी येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या शेपटीवर अनेक दशके अभ्यास झाला आहे. झेब्रा मासा याहून पुढे जातो. त्याचा मेरुरज्जू पूर्ण कापला तरी सहा ते आठ आठवड्यांत तो पुन्हा पोहतो. 2016 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधाने त्यातील एक कडी उलगडली. जखमेनंतर माशात सीटीजीएफ नावाचे प्रथिन तयार होते, त्यामुळे आधारपेशी तुटलेल्या दोन टोकांमध्ये पूल बांधतात आणि तंतू त्यावरून जातात. माणसातले हेच प्रथिन माशाच्या जखमेवर दिले, तरी पूल बांधायला मदत झाली. या निबंधाच्या लेखकांपैकी चिन्मय पात्रा पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आले. तिथे त्यांच्या गटाने त्याच कुळातील प्रथिनाचे काम माशाच्या मणक्यांमधील चकतीत अभ्यासले. कंबरदुखीने वाकलेल्या कोणालाही चकती हा शब्द परका नाही.

सर्वात साधा आणि सर्वात बोलका प्राणी मात्र मिलिमीटरभर लांबीचा गोलकृमी. त्याच्या शरीरात 302 चेतापेशी असतात आणि प्रत्येकीचे नाव-गाव ठाऊक आहे. शरीर पारदर्शक असल्याने लेझरच्या एका झोतात एकच तंतू कापता येतो. 2004 पासून ही पद्धत रूढ झाली आणि डीएलके-1 या जनुकाविना तंतू पुन्हा उगवत नाही, हे 2009 मध्ये त्यातूनच कळले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिक याच कृमीच्या तंतूंमधून मालवाहतूक कशी चालते, याचा अभ्यास करतात. त्याच संस्थेत पीएच.डी. केलेले अनिंद्य घोष रॉय हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात तुटलेल्या तंतूंवर काम करतात. कृमीचा स्पर्श ओळखणारा तंतू कापला, तर उगवणारे टोक कधीकधी तुटलेल्या दूरच्या तुकड्याला गाठून त्याच्याशी थेट एकजीव होते आणि स्पर्श परत येतो. वय वाढले, की लेट-7 हा सूक्ष्म आरएनए या जोडणीला आवर घालतो, असे त्यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवले. 2021 मध्ये त्यांनी तंतू कापलेल्या कृमींना पाण्यात पोहायला लावले. पोहलेल्या कृमींमध्ये तंतू अधिक वाढला आणि कार्यही सुधारले. त्यामागे व्यायामात जागे होणारे एएमपीके हे प्रथिन होते. लुळ्या हाताचा व्यायाम कंटाळून सोडून देणाऱ्या रुग्णाला फिजिओथेरपिस्ट जे सांगतो, त्याला पेशीच्या पातळीवरचा दुजोरा एका कृमीने दिला.

भारतात प्राण्यांवरील प्रयोगांना 1960च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याची चौकट आहे. संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी, भूल, वेदनाशमन आणि कमीत कमी प्राण्यांचा वापर बंधनकारक आहे. कृमी आणि माशीकडे संशोधकांचा कल वाढण्याचे हेही एक कारण आहे, आणि ते स्वागतार्ह आहे.

परीक्षेची कसून तयारी करून घेणाऱ्या लातूर पॅटर्नने घडवलेली हजारो मुले चेतापेशीची आकृती डोळे मिटून काढू शकतात. त्यातील बहुतेक जण डॉक्टर होतात, संशोधनाकडे वळणारे थोडे. त्यांच्यासाठी इथे भरपूर काम पडून आहे. आर्माडिलो आणि मासे ज्या रोगाची नक्कल करतात, तो रोग इथे आहे. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख यांच्या नावाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि 1994 साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांनी एकत्र येऊन नसांच्या दीर्घ नोंदी ठेवल्या, तर त्यासाठी महागडे यंत्रही लागणार नाही.

कारण प्राण्यांनी शिकवलेल्या गोष्टींपैकी आज रुग्णापर्यंत पोचलेली सर्वात मोलाची गोष्ट वेळेची आहे. कुष्ठरोगात नस सुजून कार्य जाऊ लागले, तर सहा महिन्यांच्या आत सुरू केलेले प्रेडनिसोलोन ते पुष्कळदा परत आणते. त्यानंतर उपयोग फार थोडा. वाकलेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करता येतात. पॉल ब्रँड यांनी 1948 पासून वेल्लोरला ते सिद्ध केले. त्यात निरोगी स्नायूचा कंडरा दुसरीकडे बसवून काम भागवलेले असते, मेलेली नस मेलेलीच राहते. नस जाते आहे हे ओळखायची चाचणी बॉलपेनाने होते. डोळे मिटलेल्या रुग्णाच्या तळहात-तळपायावर ठरलेल्या जागी पेनाचे टोक हलके टेकवायचे आणि कळले का ते विचारायचे. मग करंगळी बाहेर, अंगठा वर, मनगट वर, पाऊल वर, असा एकेक स्नायू हाताने दाबून पाहायचा. पाच-दहा मिनिटांचे हे काम दर महिन्याला, औषधे संपल्यावरही, झाले पाहिजे. भारतात डिसेंबर 2005 मध्ये कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आले, तेव्हापासून अनेकांना हा रोग संपला असे वाटते. नवे रुग्ण आजही सापडतात, आणि त्यांतले काही बोटे वाकल्यावर येतात. अंगावर न खाजणारा, न दुखणारा, स्पर्श न कळणारा फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, की गावातील आशा आरोग्यसेविकेला दाखवावा. तपासणी आणि सहा किंवा बारा महिन्यांची औषधे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.